अध्यक्ष ते महापौर : पुण्याच्या एका नगरपदाचा इतिहास

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नगराच्या इतिहासात ही घटना बढती म्हणून नोंदविली जाते, आणि लोकसंख्या, क्षेत्र व अंदाजपत्रक या दृष्टींनी ती बढती होतीच. परंतु नगराच्या प्रमुखपदापुरता विचार केला तर निष्कर्ष निराळा निघतो. अध्यक्षाचा महापौर झाला तेव्हा त्याचा मान वाढला, अधिकार मात्र घटला.

पुण्याची नगरपालिका १८५० च्या कायद्यान्वये १८५७ मध्ये अस्तित्वात आली. प्रारंभीच्या काळात तिच्यावर सरकारी अधिकाऱ्यांचे वर्चस्व असे व सभासद सरकारनियुक्त असत. तरीही सभा सर्वस्वी निर्जीव नव्हती. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याची सूचना पुढे आली असता सभासद जोतीराव फुले यांनी, हा पैसा शिक्षणाकडे लावावा, म्हणून विरोध केला. नगराच्या तिजोरीतून समारंभ करावेत की शाळा चालवाव्यात, हा वाद पुण्यात इतका जुना आहे.

लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव व त्यामागून आलेला १८८४ चा कायदा यांनी निवडणुकीचे तत्त्व रुजविले. यानंतर अध्यक्षपदाला खरे राजकीय मोल आले. टिळक १८९५ मध्ये नगरपालिकेत निवडून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोपाळ कृष्ण गोखले अध्यक्ष होते, आणि त्याच सुमारास ते वरिष्ठ कायदे मंडळात हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकावर टीकाही करीत होते. गटारे व नळ यांचा हिशेब पाहणे या पुरुषाला कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे न. चिं. केळकर १९१८ मध्ये व पुन्हा १९२२ ते १९२४ या काळात अध्यक्ष झाले. १९२५ च्या म्युनिसिपल बरो कायद्याने मुख्याधिकाऱ्याचे पद निश्चित केले. पण हा अधिकारी नगरपालिकेनेच नेमावयाचा होता. कारभाराची सूत्रे, निदान तत्त्वतः, निवडलेल्या मंडळाकडेच राहिली.

१९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याने ही रचना पालटली. त्याचा नमुना मुंबईचा १८८८ चा कायदा हा होता, व त्याचे मूळ १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड यांना दिलेल्या आयुक्तपदापर्यंत जाते. कार्यकारी सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे गेली. महापौराकडे सभेचे अध्यक्षस्थान व नगराचे प्रतिनिधित्व एवढेच उरले, आणि तेही मूळ कायद्याप्रमाणे एका वर्षापुरते. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रूढ झालेला मानतात. शब्द भारदस्त आहे. पदाला तेवढा भार कायद्याने दिला नाही.

पहिले महापौर बाबूराव सणस आणि पहिले आयुक्त स. गो. बर्वे या दोघांच्या स्मृती नगराने जपल्या आहेत : एकाच्या नावे सारसबागेजवळचे क्रीडांगण, दुसऱ्याच्या नावे शिवाजीनगरातील चौक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुणे उद्ध्वस्त झाले, तेव्हा पुनर्वसनासाठी शासनाने पाचारण केले ते बर्वे यांनाच. ही निवड योग्य होती याविषयी शंका नाही. तथापि संकटकाळी नगराचे नेतृत्व कोणत्या पदाकडून अपेक्षिले जाते, हेही तीतून दिसले.

येथे अमेरिकेतील डेटन या ओहायो राज्यातील नगराची तुलना उद्बोधक ठरते. १९१३ च्या महापुरानंतर तेथील नागरिकांनीही नगराचा कारभार एका नियुक्त व्यवस्थापकाकडे सोपविला व तेथील महापौराचे कार्यकारी अधिकार गेले. परंतु तो व्यवस्थापक निवडलेल्या मंडळाने नेमावयाचा व त्यानेच काढावयाचा असे. पुण्याचा आयुक्त परत पाठवावयाचा तर एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश मते लागतात. नेमणूक मात्र सर्वस्वी शासनाची. साम्य बाह्य आहे, भेद मूलभूत आहे.

या मर्यादेतही पदाची प्रतिष्ठा व्यक्तींनी राखली. १९६७-६८ मध्ये महापौर झालेले ना. ग. गोरे त्यापूर्वीच लोकसभेचे सदस्य राहिले होते व गोवामुक्तीच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला होता. मुदत पुढे अडीच वर्षांची झाली व आरक्षणाने पद नव्या समाजगटांस आणि स्त्रियांस खुले झाले; अधिकारांची वाटणी तशीच राहिली.

तिची कसोटी मार्च २०२२ मध्ये लागली. सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत पुण्याला महापौरच नव्हता. या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक तेच मांडीत आणि मंजूरही तेच करीत.