रेसिडेन्सी : एका नावाची स्थित्यंतरे

हैदराबादेतील चिक्कडपल्लीसारख्या वस्त्यांत सदनिकांच्या नव्या इमारतींना ‘रेसिडेन्सी’ हे नाव दिलेले आढळते. तेथे त्याचा अर्थ राहण्याची जागा, एवढाच. परंतु तेथून दक्षिणेस, नारायणगुडा ओलांडून कोठीकडे गेले, की हाच शब्द निराळ्या इतिहासाची साक्ष देऊ लागतो.

‘रेसिडेंट’ म्हणजे मुळात रहिवासी. ईस्ट इंडिया कंपनीने देशी दरबारांत ठेवलेल्या आपल्या वकिलास हे निरुपद्रवी नाव दिले; मात्र हा रहिवासी पुढे घरधनी होऊन बसला. पुण्यातील संगमावरची रेसिडेन्सी ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, मराठ्यांनी जाळली. हैदराबादेत १७९८ च्या तहाने निजाम तैनाती फौजेच्या बंधनात सापडला आणि थोड्याच वर्षांत रेसिडेंट जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने मुसी नदीच्या उत्तर तीरी भव्य प्रासाद उभारविला. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली त्यावर झालेला हल्ला अयशस्वी ठरला.

या वास्तूशी मराठी मुलखाचाही निकटचा संबंध आहे. १८५३ साली वऱ्हाड कंपनीच्या स्वाधीन झाला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडला जाईपर्यंत त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली चालला. म्हणजे अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ‘रेसिडेन्सी’ हे दूरचे सरकारच होते.

प्रासादाभोवती पेठ वसली, तिला रेसिडेन्सी बाजार म्हणत. येथे निजामाचा नव्हे, तर इंग्रजांचा अंमल चाले. संस्थानात सभासंमेलनांवर निर्बंध असताना या पेठेत सार्वजनिक कार्यास थोडी मोकळीक मिळे. परसत्तेचे ठाणे स्वकीयांच्या चळवळीस आडोसा व्हावे, हा इतिहासाचा विलक्षण न्याय होय. १९३३ साली ही पेठ निजामाकडे परत आली आणि ‘सुलतान बाजार’ झाली.

लोकांनी मात्र त्या इंग्रजी नावाचा निकाल आधीच लावला होता. मोठा वाडा म्हणून ते त्याला ‘कोठी’ म्हणत. तेच नाव आज साऱ्या परिसरास आहे. १९४९ मध्ये प्रासादात महिला महाविद्यालय आले आणि २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. जेथे एक परका रहिवासी राज्यांचे भवितव्य ठरवी, तेथे आज या भूमीच्या कन्या स्वतःचे भवितव्य घडवीत आहेत. नावाच्या या प्रवासाचा याहून समाधानकारक शेवट कोणता असणार?