रोल कॉलला वाचलेला नियम २०

साताऱ्याजवळच्या एका भरतीपूर्व अकॅडमीत मी गेली काही वर्षं मुलांना शिकवतो. पहाटे पाचला पोरं मैदानावर असतात. सोळाशे मीटरची धाव संपवून, आंघोळ करून नऊला माझ्या तासाला बसतात. गेल्या हिवाळ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलाच्या मोबाइलच्या कव्हरवर एका पुढाऱ्याचा फोटो दिसला. म्हटलं, "बाळा, भरती झालास की हे कव्हर घरी ठेवून जायचं." तो लगेच म्हणाला, "का सर? हा पक्ष वाईट आहे का?"

त्या दिवशी मी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण मनातून ते गेलं नाही. देशातल्या राजकीय गटांबद्दल सैन्याने आपल्या जवानाला सावध करावं का, आणि करायचं तर कोणत्या शब्दांत, हा प्रश्न आपल्या बराकींमध्ये शंभराहून जास्त वर्षं मुक्कामाला आहे. माझ्या घरात तर तो वडिलांपासून आहे.

मी १९८६ साली आर्मी एज्युकेशन कोअरमध्ये हवालदार म्हणून दाखल झालो आणि २०१० साली सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो. पलटणीत आम्हाला मास्टरजी म्हणत. नकाशावाचन, हिंदी, बढतीच्या परीक्षांची तयारी ही आमची कामं. निवडणूक जवळ आली की आणखी एक काम यायचं. संध्याकाळी रोल कॉलला जवान फॉल इन झाले, की आर्मी रूल्स १९५४ मधला नियम २० मी त्यांना समजावून सांगायचो. पक्षाच्या सभेला किंवा मोर्चाला जायचं नाही, तिथे बोलायचं नाही, राजकीय संघटनेचं सभासद व्हायचं नाही, तिला वर्गणी द्यायची नाही. मत मात्र द्यायचं, टपालाने, आणि कुणाला दिलं ते आपल्यापाशी ठेवायचं. या नियमामागे १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम २१ आहे आणि त्याच्याही मागे राज्यघटनेचं ३३ वं कलम. सैनिकाच्या मूलभूत हक्कांना किती मुरड घालायची ते संसदेने ठरवावं, असं ते कलम सांगतं.

हा नियम मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला. त्यात एकाही पक्षाचं, पंथाचं, पुढाऱ्याचं नाव नाही. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं, आणि आलं तेव्हा आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गोष्ट आठवली.

आबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. १९४३ पासून हिंदुस्थानी पलटणींमध्ये सरकारने 'जोश' नावाचे गट सुरू केले होते. दहा-बारा जवान आणि त्यांना समजावणारा एक जाणता माणूस. जपानी किती क्रूर आहेत, आपल्या फौजेची परंपरा किती मोठी आहे, हे त्यात सांगायचं. आणि सावध करायचं ते आझाद हिंद सेनेपासून. तिच्या सैनिकांना इंग्रजांनी 'जिफ' असं नाव पाडलं होतं. जपान्यांनी फितवलेले, असा त्याचा रोख. आबा सांगायचे, जिफ हा शब्द आमच्या कानावर इतका आदळला की ती माणसं कुठली, कुणाची, हे विचारायचं सुचलंच नाही.

मग लढाई संपली, आबा रजेवर गावी आले. नोव्हेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला होता. गावच्या चावडीसमोर मंडळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्यायची. जिफ म्हणून ज्यांच्यावर बंदूक रोखायला शिकवलं, त्यांच्या नावाचा जयजयकार आबांच्या सख्ख्या चुलत्याच्या ओट्यावर चालला होता. त्यांतलं एक नाव तर पलटणीतलंच होतं. जगन्नाथराव भोसले, सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे, सँडहर्स्टला शिकून मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी झालेले आणि पुढे आझाद हिंद सेनेत सुभाषबाबूंच्या अगदी जवळच्या वर्तुळात गेलेले. स्वतंत्र भारतात ते केंद्रात उपमंत्रीही झाले. लाल किल्ल्यातल्या तिघांना जन्मठेपेची शिक्षा झाली आणि जानेवारी १९४६ च्या आरंभी सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली.

आबांचं त्यावर एक वाक्य ठरलेलं होतं: "त्यानंतर साहेबानं दुसरं काही खरं सांगितलं तरी पटेना." ते आझाद हिंदवाले झाले नाहीत. आपण मीठ खाल्लं त्या बाजूने लढलो, यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. पण पलटण सांगते एक आणि गाव सांगतं दुसरं, हे एकदा दिसल्यावर पलटणीच्या शब्दाची किंमत त्यांच्या लेखी उतरली.

इंग्रजांना हे आधी कळायला हवं होतं, कारण १९०७ सालीच त्यांना याचा अनुभव आला होता. पंजाबातल्या कालव्यांवरच्या वसाहतींत निवृत्त शिपायांना जमिनी दिलेल्या होत्या. त्या जमिनींच्या वारसाहक्कावर बंधनं घालणारं विधेयक लाहोरच्या सरकारने आणलं. अजितसिंग आणि लाला लजपतराय यांच्या सभांना माणसं लोटली आणि त्यांत पलटणीतल्या शिपायांचे बाप-भाऊ होते. सरकारने दोघांनाही उचलून मंडालेला पाठवलं. पण मे महिन्यात व्हाइसरॉय मिंटोंनी त्या विधेयकाला मंजुरी नाकारली, आणि पंजाब शांत झाला. शिपायाला बिघडवत होती ती घरून आलेली चिठ्ठी. जमीन वाचली तशी ती चिठ्ठी यायची थांबली.

पेशावरची गोष्ट याहून कडू आहे. एप्रिल १९३० मध्ये तिथे रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी बटालियन होती, सगळे हिंदू जवान. समोर खान अब्दुल गफार खानांचे निःशस्त्र पठाण. चंद्रसिंग गढवालींनी पुढे सांगितलं आहे की एका इंग्रज अधिकाऱ्याने जवानांना आधी समजावलं होतं: इथे मुसलमान बहुसंख्य, मूठभर हिंदूंना ते छळतात, तुम्हाला त्यांच्या रक्षणासाठी आणलं आहे. म्हणजे सावधगिरीच्या नावाखाली एका समाजाला शत्रू ठरवून दिलं होतं. २३ एप्रिलला किस्सा ख्वानी बाजारात गोळीबाराचा हुकूम सुटला तेव्हा गढवाली जवानांनी बंदुका खाली केल्या. समोरची माणसं कुणाला छळत नाहीत, ती सरकारविरुद्ध निदर्शनं करत आहेत, हे त्यांना दिसत होतं. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली. ते सुटले १९४१ मध्ये.

इथे गांधीजींचं मत मला नेहमी अडवतं. एका फ्रेंच पत्रकाराने १९३२ च्या सुमारास त्यांना गढवालींबद्दल विचारलं. ज्या शिपायाने चाकरीची शपथ घेतली त्याने हुकूम मोडणं हा शपथभंग आहे, असं ते म्हणाले. उद्या आमच्या हाती राज्य आलं तर आम्हालाही हेच शिपाई लागतील, हेही त्यांनी लपवलं नाही. तरुणपणी मला याचा राग आला होता. ज्यांनी निःशस्त्र लोकांवर गोळी झाडली नाही, त्यांना अहिंसेच्या माणसाने असं म्हणावं? आजही चंद्रसिंगांपुढे माझं मस्तक झुकतं. पण पलटणीत चोवीस वर्षं काढल्यावर गांधीजींची काळजीही मला कळते. कोणता हुकूम राजकीय आणि कोणता नाही हे प्रत्येक प्लाटून आपापलं ठरवू लागली, तर उद्या एखादी प्लाटून उलट दिशेनेही ठरवील.

मुंबईत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९४६ च्या फेब्रुवारीत मराठी माणसाच्या डोळ्यांदेखत. कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल शाळेत १ डिसेंबर १९४५ च्या नेव्ही डेच्या आधी रात्रीतून भिंतींवर 'भारत छोडो'च्या घोषणा उमटल्या. पुढे बलाईचंद्र दत्त हा तरुण नाविक पकडला गेला. वरिष्ठांनी राजकीय हात शोधायला सुरुवात केली. पण १८ फेब्रुवारीला सकाळी नाविकांनी ताटं बाजूला सारली ती जेवणावरून, आणि कमांडर किंग यांनी त्यांना दिलेल्या घाणेरड्या शिव्यांवरून. डाळ निकृष्ट, पगार गोऱ्या नाविकापेक्षा कमी, लढाई संपली आणि पुढे नोकरी नाही. हे सगळं कोणत्याही पत्रकाआधी बराकीत होतं. पत्रक आलं ते तयार जमिनीवर. संप ७८ जहाजं आणि २० ठाण्यांत, सुमारे वीस हजार नाविकांत पसरला.

कॅसल बराकीभोवती पहारा होता मराठा जवानांचा. आतले नाविक त्यांना भाऊ म्हणून हाका मारत होते, आणि त्यांच्या हातून काम होईना तेव्हा गोरे सैनिक आणले गेले. २१ तारखेला तिथे तासन् तास गोळ्या चालल्या. २२ तारखेला गिरणगाव रस्त्यावर उतरलं. परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली, बहुतेक सारी साधी, कामावर जाणारी.

वल्लभभाईंनी नाविकांना शरण जायला सांगितलं आणि २३ तारखेला संप मागे घेतला गेला. त्यांचा मुद्दा गांधीजींसारखाच होता: फौजेची शिस्त उद्या आपल्यालाही लागणार. ४७६ नाविकांना नोकरीतून काढून टाकण्यात आलं, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. शिस्तीचा मुद्दा मला पटतो. त्या पोरांना परत न घेणं मला आजही पटत नाही. कुलाब्यात त्यांचं स्मारक आहे. मुंबईला गेलो की मी तिथे थांबतो.

१९५४ मध्ये नियम लिहिणाऱ्यांच्या मागे हा सगळा इतिहास होता. त्यांनी नावं न घेता लिहिलं: जवान कोणत्याच पक्षाच्या सभेत नाही. माझ्या मते यापेक्षा जास्त सावधगिरी रोल कॉलला सांगायची गरज नाही. हेर, हत्यारं, कट हे सगळं ज्यांचं काम ते बघतील, आणि जो माणूस कट करतो त्याला त्याच्या कृत्याबद्दल पकडतील.

एकदा मात्र नाव घेतलं गेलं. जून १९८४ मध्ये ऑपरेशन ब्लू स्टार झालं. लष्करप्रमुख होते आपले जनरल अरुणकुमार वैद्य, दोनदा महावीरचक्र मिळवलेले. कारवाईची बातमी पोचल्यावर काही शीख पलटणींनी बंड केलं. राजस्थानात गंगानगरला, तेव्हाच्या बिहारमधल्या रामगढला. रामगढच्या सिख रेजिमेंटल सेंटरमध्ये ब्रिगेडिअर एस. सी. पुरी मारले गेले. धोका खरा होता. दोन वर्षांनी, १० ऑगस्ट १९८६ रोजी, निवृत्त जनरल वैद्यांना पुण्यात भर दिवसा त्यांच्या मोटारीत गोळ्या घातल्या. मी त्या साली नवा रंगरूट होतो. ती बातमी ऐकलेली जागा अजून आठवते.

पण बंडानंतरच्या महिन्यात, जुलै १९८४ मध्ये, जवानांसाठी निघणाऱ्या 'बातचीत' या सरकारी पत्रिकेचा १५३ वा अंक निघाला. त्यात अमृतधारी शिखांबद्दल सांगितलं होतं की ही माणसं गळ्यात लहान किरपाण घालतात, हिंसेची शपथ घेतलेली असतात, वरून निरुपद्रवी दिसली तरी धोकादायक आहेत, आणि असा कुणी माहीत असेल तर अधिकाऱ्यांना कळवावं. अमृत घेणं हा शिखांचा जुना धर्मसंस्कार. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये आनंदपूरला तो सुरू केला. आपल्या नांदेडला, जिथे गुरूंनी देह ठेवला, तिथल्या गुरुद्वाऱ्यातही अमृत घेतलेली माणसं रोज सेवा करतात. अतिरेकी कोण हे सांगायला बसलेल्या लेखणीने एका आख्ख्या पंथाच्या गळ्यातली खूण सांगितली.

हा अंक मला निवृत्तीच्या आसपास एका पुस्तकातून कळला. वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ अंगणात बसून राहिलो.

१९९० च्या सुमारास एका ठाण्यावर माझा शेजारचा पलंग एका शीख नायब सुभेदाराचा होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना पाजी म्हणे. पहाटे तीनला उठून थंड पाण्याने केस धुवायचे, पाठ म्हणायचे, मग माझ्या पलंगाखाली चहाचा मग ठेवून जायचे. लंगरमध्ये माझ्या ताटात पोळी कमी दिसली तर आपल्यातली टाकायचे. माझ्या आईच्या आजारपणात पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी पेटी उघडून सहाशे रुपये काढून दिले आणि परत कधी विचारले नाहीत. मीच तीन महिन्यांत फेडले. रोल कॉलला नियम २० वाचताना ते पहिल्या रांगेत उजवीकडे उभे असायचे, छाती काढून. शर्टाच्या आत, काळ्या दोरीत, बोटभर लांबीची किरपाण होती. आंघोळीच्या वेळी रोज दिसायची.

त्या अंकातल्या वर्णनाप्रमाणे मला त्यांचं नाव कळवावं लागलं असतं.