'सिकल पॉझिटिव्ह' या शेऱ्यामागे काय राहून जातं?

अंबरनाथचं मोरिवली नकाशावर शोधा. जवळच उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळालं. दुसरीकडे, बदलापूरच्या पुढे डोंगराकडे ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे. रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर वाचायला लागलात की हे शेजारी तुम्हाला वेगवेगळ्या कप्प्यांत भेटतील. सिंधी म्हटलं की थॅलेसेमिया, आदिवासी म्हटलं की सिकलसेल. हे कप्पे आले कुठून?

सिकलसेलची पहिली नोंद १९१० ची, शिकागोतली. डॉ. हेरिक यांनी विळ्यासारख्या पेशींचं वर्णन केलं. थॅलेसेमियाचं वर्णन १९२५ मध्ये डेट्रॉईटच्या डॉ. कूली यांनी केलं. भारतात १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलसेल सापडला, १९५८ मध्ये नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. विदर्भात तो दलित कुटुंबांतही मोठ्या प्रमाणात आहे. म्हणजे 'आदिवासींचा आजार' हे लेबल तिथेच अपुरं पडतं.

आता गंमत बघा. दोन्ही दोष एकाच माणसात असू शकतात, हे इटलीत सिल्व्हेस्ट्रोनी आणि बियांको या डॉक्टर दांपत्याने १९४० च्या दशकातच दाखवलं होतं. एका पालकाकडून सिकलचं जनुक, दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचं. मूल आजारी, पण आईवडील दोघेही धडधाकट.

मग आपल्याकडे हे नजरेतून का सुटतं? कारण चाचणी. गावपातळीवरच्या सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचं द्रावण गढूळ झालं की सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. माणूस वाहक की रुग्ण, हे कळत नाही. थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. इलेक्ट्रोफोरेसिसवरही सिकल-बीटा थॅलेसेमियाचा एक प्रकार थेट सिकलसेल रुग्णासारखा दिसतो. तिथे हिमोग्लोबिन ए-२ चं प्रमाण, लाल पेशींचा आकार आणि मुख्य म्हणजे आईवडिलांचं रक्त तपासावं लागतं.

यात पणाला काय लागतं, ते एका कल्पित जोडप्यावरून बघू. मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी दोघं. ती सिकलवाहक, तो थॅलेसेमियावाहक. लग्नाआधी दोघांची फक्त सिकलची चाचणी झाली. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे 'काळजी नाही' असा सल्ला. प्रत्यक्षात प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के! चाचणी चुकली नाही बरं का, तिला प्रश्नच अर्धा विचारला होता.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्यातून येणारे आकडे उद्या तुमच्यापैकी कुणीतरी प्रबंधात वापरेल. तेव्हा आकड्याच्या आधी तीन गोष्टी विचारा: चाचणी कोणती होती? तिला काय दिसू शकत नव्हतं? आणि नमुना कुठल्या समाजातून घ्यायचा, हे कशावरून ठरलं? एखाद्या समाजात थॅलेसेमिया 'आढळला नाही' असं वाचलंत, तर तो शोधला होता का, हे आधी बघा. कोष्टकातलं शून्य आणि न विचारलेला प्रश्न कागदावर सारखेच दिसतात.