पांढऱ्यावर काळें

लिहिण्याच्या क्रियेस आपल्या भाषेंत ‘पांढऱ्यावर काळें करणें’ असें म्हणतात. अक्षर वाचतां येतें तें केवळ आकारामुळें नव्हे, तर पार्श्वभूमीशीं असलेल्या विरोधामुळें, हें तत्त्व त्या म्हणण्यांत दडलेलें आहे. संगणकाचा पडदा हें तत्त्व मध्यंतरीं विसरला आणि त्यास तें पुन्हा शिकावें लागलें.

आरंभींच्या पुष्कळ पडद्यांवर काळ्या पाटीवर हिरवीं वा पिवळसर अक्षरें उमटत. तो विरोध यंत्राच्या मर्यादेंतून आलेला होता. त्यांत दयाबुद्धि नव्हती. पुढें रंग विपुल झाले. १९८९ सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं जागतिक जाळ्याची कल्पना मांडली, आणि पुढील दशकांत पानें सजवणारा वर्ग उदयास आला. त्यास फिकट पानावर फिकट अक्षर नाजूक वाटूं लागलें.

वाचकाच्या हातीं उपाय आला तो १९९५ सालीं. विंडोज ९५ मध्यें सबंध पडद्याचे रंग एकदम तीव्र विरोधाचे करण्याची सोय होती. पानें रचणाऱ्यांसाठीं १९९९ सालीं नियमावली निघाली. तींत पुरेसा विरोध असावा असें सांगितलें होतें, पण पुरेसा म्हणजे किती, हें नव्हतें. तो आंकडा २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीनें दिला: साध्या अक्षरांस ४.५ : १, मोठ्या अक्षरांस ३ : १. निखळ पांढऱ्यावर निखळ काळें हें प्रमाण २१ : १ भरतें. निरोगी डोळ्यास ३ पुरतें असें धरून, सुमारें ऐंशी वर्षांच्या माणसाच्या मंद दृष्टीसाठीं त्याची दीडपट केली, तेव्हां ४.५ आले. या रूक्ष आंकड्यामागें एक वृद्ध वाचक बसलेला आहे.

परंतु एकच माप सर्वांस लागू पडत नाहीं. ज्यांना उजेड सोसत नाहीं, त्यांना शुभ्र पान झोंबतें. काळ्यावर पांढरें त्यांना सुखावह. म्हणून खरी सोय एखाद्या रंगांत नसून निवडींत आहे, आणि पानानें ती निवड मानली पाहिजे.

गेल्या वर्षीं आमच्या मातोश्रींना एक अर्ज पडद्यावर भरावयाचा होता. अक्षरें राखाडी होतीं. “कोरा कागद वाचायला कां देतोस?” असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं तीव्र विरोधाची सोय चालू केली, तों मजकूर लख्ख झाला. अखेरच्या बटणावरील शब्द मात्र चित्रांत कोरलेले असल्यामुळें तसेच फिके राहिले. तें बटण आम्हांस दाबावें लागलें. ज्या माउलीनें आम्हांस अक्षरओळख करून दिली, तिचा अर्ज आम्हीं पुरा करावा, यांत तिची दृष्टि उणी नव्हती, रचणाऱ्याची होती.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ही जबाबदारी सांगितली आहे. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें संगणकीय सेवांपर्यंत पोंचण्याचा हक्क जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. आतां उरलें तें पांढऱ्यावर नीट काळें करणें.