रोमचें पाणी कोणाच्या नांवावर?

प्राचीन रोमच्या वैभवाचें वर्णन करूं लागलें कीं विजयकमानी आणि भव्य क्रीडागारें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु त्या नगरीचा कारभार कसा चाले हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें आंकड्यांनीं भरलेला एक छोटा लॅटिन ग्रंथ अवश्य चाळावा. त्याचा कर्ता सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टिनस. पूर्वीं ब्रिटनचा सुभेदार राहिलेल्या या वृद्ध मुत्सद्द्यास नर्व्हा बादशहानें इ. स. ९७ मध्यें नगरीच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य अधिकारी नेमलें. हाताखालच्या लोकांच्या सांगण्यावर विसंबून कारभार करणें त्यास लाजिरवाणें वाटे. म्हणून त्यानें सर्व खात्याची माहिती स्वतः करून घेतली.

त्या काळीं दूरदूरचें पाणी नऊ जलमार्गांनीं रोमांत येई. पाण्याचें माप क्विनारिया, म्हणजे सव्वा अंगुळ व्यासाची नळी. सरकारी दफ्तरांत जमेच्या बाजूस १२,७५५ क्विनारिया होत्या आणि वांटपाच्या बाजूस १४,०१८. जमेपेक्षां खर्च १,२६३ नें अधिक! पाण्याच्या व्यवहारांत कर्ज काढण्याची सोय नाहीं. तेव्हां या दोन्ही बाजू कोणी ताडून पाहत नव्हतें हें उघड आहे. फ्रॉन्टिनसानें जलमार्गांच्या मुखांशीं मापें घेतलीं, तों दफ्तरांतील आंकड्याहून सुमारें १०,००० क्विनारिया पाणी अधिक आढळलें.

मग तें जात कोठें होतें? मार्गालगतचे जमीनदार पाट फोडून आपल्या बागा भिजवीत. नगरांत पाणीखात्याचे नोकरच चोरनळ्या जोडून पाणी विकीत. सरकारी परवाना देणगीदाराच्या वारसास किंवा घर विकत घेणारास मिळत नसे. नवा परवाना निघाला कीं हे नोकर टांकीस नवें छिद्र पाडीत आणि जुन्या छिद्राचें पाणी स्वतःच्या लाभासाठीं विकीत. कांहीं नळ्यांच्या आकारांतहि त्यांनीं फेरफार केला होता. पाणी घेण्याच्या मोठ्या आणि देण्याच्या लहान. आपल्याकडील लबाड वाण्याच्या दोन मापांची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

या ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र चोरीच्या हकीकतींत नसून वांटपाच्या तपशिलांत आहे, असें आम्हांस वाटतें. नगराबाहेर व नगरांत मिळून ३,४२५॥ क्विनारिया बादशहाच्या नांवावर, ६,१९२ खासगी मंडळींच्या नांवावर आणि ४,४०१ सार्वजनिक कामांकडे. या शेवटच्या रकमेंतूनच सामान्य लोक ज्या ५९१ हौदांवर घागरी भरीत, त्यांस १,३३५ मिळत. म्हणजे एकटा बादशहा चतुर्थांशाचा धनी, आणि साऱ्या नगरीचे हौद दशांशाहूनहि कमी! एका राजनिष्ठ अधिकाऱ्यानें हे आंकडे कोणतीहि टीका न करतां एकापुढें एक मांडले आहेत. टीकेची गरजच नव्हती. याच सुमारास बहुतेक हौदांस दोन निरनिराळ्या जलमार्गांच्या तोट्या बसविण्यांत आल्या. एक मार्ग बंद पडला तरी दुसरा चालू राहावा हा हेतु.

फ्रॉन्टिनसाच्या आंकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. प्रवाहाच्या वेगानें पाणी कमीजास्त होतें हें त्यास ठाऊक होतें, पण वेग मोजण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. तो केवळ नळीचें तोंड मोजी. त्यामुळें वर सांगितलेल्या १०,००० क्विनारिया सगळ्याच चोरीच्या होत्या असें ठरत नाहीं. तथापि ग्रंथाचें मोल त्यामुळें घटत नाहीं. दफ्तर ऑगस्टसाचा सहकारी अग्रिपा याच्या काळापासून, म्हणजे शंभराहून अधिक वर्षें, होतेंच. पण तें नोकरांच्या ताब्यांत होतें, आणि मिटलेली वही चोराचीच पाठराखण करते. फ्रॉन्टिनसानें ती उघडून ज्यास वाचतां येईल त्याच्यापुढें ठेवली, म्हणूनच मॉन्टे कॅसिनोच्या मठांत १४२९ मध्यें पोज्जोस सांपडलेली प्रत आजहि आपल्याशीं बोलते.

वेग मोजण्याचीं साधनें आज मुबलक आहेत; साखर कारखान्यांचा, वीजकेंद्रांचा, मोठ्या बागाईतदारांचा घोट नि घोट मोजतां येईल. मोजलेला आंकडा घेणाऱ्याच्या नांवासह चारचौघांत वाचावयाचा कीं नाहीं, एवढाच प्रश्न उरतो. ज्या वहींत बादशहाचें नांव लिहिण्यास कोणी कचरलें नाहीं, ती वही या प्रश्नाचें उत्तर एकोणीस शतकांपूर्वींच देऊन बसली आहे.