सरदारांचा शब्द

दिवाळीच्या फराळापुढे गोळीबाराची गोष्ट काढू नये, हे मला कळते. परंतु काळाचौकीत मुलांना इतिहास शिकवणाऱ्या माणसाला १९४६चा फेब्रुवारी टाळता येत नाही. तो आमच्या आसपासच्याच रस्त्यांवर घडला.

१८ फेब्रुवारीला मुंबईतील 'तलवार' या नौदलाच्या केंद्रातल्या नाविकांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांना विटून काम थांबवले. पाहता पाहता ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नाविक संपात उतरले. डोलकाठ्यांवर काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तीन झेंडे शेजारी शेजारी फडकले. असे दृश्य पुढे कधी दिसले नाही! २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सवर दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटल्या, आणि सारे आरमार बुडाले तरी बेहत्तर, अशी धमकी व्हाइस ॲडमिरल गॉडफ्रे यांनी दिली.

वल्लभभाई पटेल तेव्हा मुंबईतच होते. १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडल्यापासून प्रांतावर गव्हर्नरांचा अंमल होता. म्हणजे सरदारांच्या हाती लोकांचा विश्वास तेवढा होता, एका शिपायावरही हुकूम नव्हता. निवडणुका चालू होत्या, ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ येणार हे १९ तारखेलाच जाहीर झाले होते. सत्ता उंबरठ्याशी आलेली. त्यांनी हरताळ करू नका असे सांगितले. कम्युनिस्टांनी हाक दिली होती. २२ला गिरण्या थांबल्या, लाखो कामगार बाहेर पडले. मग लष्कर उतरले. परळ, लालबाग, डिलाईल रोड येथे गोळीबार झाला. परळला कमल दोंदे ठार झाल्या. सरकारी आकड्यांप्रमाणेच मुंबईत २२८ नागरिक मेले आणि १,०४६ जखमी झाले.

नाविकांना सरदारांचा निरोप होता : शस्त्रे ठेवा, कोणावर सूड उगवला जाणार नाही हे काँग्रेस पाहील. त्यांचे मन त्यांच्या १ मार्चच्या पत्रात दिसते. स्वतंत्र हिंदुस्थानालाही सैन्य लागणार, तेव्हा सैन्याच्या शिस्तीला हात लावू नये, असा त्यांचा मुद्दा. आज हुकूम मोडणाऱ्या बंदुकीला शाबासकी दिली, तर उद्या आपल्याच मंत्रिमंडळापुढे ती खाली कशी होणार? आजूबाजूच्या देशांत पुढे सेनापतींनी खुर्च्या बळकावल्या, ते पाहता हा विचार मला खोटा म्हणवत नाही. अरुणा असफ अलींना तो पटला नाही. लालबागलाही पटला नसावा.

२३ला नाविकांनी शस्त्रे ठेवली. आपण ब्रिटनला नव्हे, हिंदुस्थानाला शरण जात आहोत, असे त्यांच्या समितीने बजावले. तरीही अटका झाल्या. ४७६ जणांना नौदलातून काढले. गव्हर्नराच्या राज्यात सरदारांचा शब्द चालला नाही, हे समजू शकते. परंतु सप्टेंबर १९४६ मध्ये ते गृहमंत्री झाले, पुढल्या ऑगस्टमध्ये राज्य आपले झाले, आणि त्या पोरांना आरमारात परत कोणी घेतले नाही. शिस्तीचा युक्तिवाद येथवर ताणलेला मला मानवत नाही. शस्त्र ठेवले होते ते शब्दावर विसंबून.

कुलाब्याला त्यांचे स्मारक उभे राहिले ते २००१ साली. सरदारांना जाऊन तेव्हा अर्धे शतक लोटले होते.