मराठी अनुदिनी

मराठी अनुदिनी (प्रचलित शब्द : ब्लॉग) म्हणजे एका व्यक्तीने आंतरजालावर मराठीत वेळोवेळी केलेले आणि दिनांकानुसार रचलेले लेखन होय. त्यात सर्वांत नवी नोंद प्रथम दिसते आणि नोंदीखाली वाचकांना प्रतिसाद देता येतो. छापील नियतकालिकाप्रमाणे येथे संपादक नसतो. काय लिहावे, किती लिहावे आणि केव्हा थांबावे हे लेखक स्वतःच ठरवतो. या प्रकाराचे बळ आणि उणीव दोन्ही यातच आहेत.

नाव

'वेबलॉग' हा इंग्रजी शब्द १९९७ मध्ये रूढ झाला आणि १९९९ मध्ये त्याचे 'ब्लॉग' असे संक्षिप्त रूप झाले. मराठीत त्यासाठी अनुदिनी व जालनिशी हे शब्द योजले गेले. जालनिशी हा शब्द रोजनिशीच्या धर्तीवर घडला आहे. रोजनिशी मात्र सहसा स्वतःपुरती लिहिली जाते, तर अनुदिनी पहिल्या दिवसापासून इतरांनी वाचावी म्हणून असते. त्या दृष्टीने तिचे नाते लघुनिबंधाशी अधिक जवळचे म्हणावे लागेल. लोकहितवादींची 'प्रभाकर'मधील शतपत्रेही (१८४८ पासून) याच प्रवृत्तीची होती, परंतु त्यांना छापखान्याचा आधार घ्यावा लागला.

इतिहास

१९९९ मध्ये ब्लॉगर ही सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये ती गूगलकडे गेली. वर्डप्रेसचा आरंभही २००३ चाच. ही साधने विनामूल्य असली तरी मराठी लेखकापुढे लिपीची अडचण होती. प्रत्येक टंकाची मांडणी निराळी असल्यामुळे एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर झाली. 'बरहा' आणि 'गमभन' यांसारख्या साधनांमुळे रोमन कळफलकावरून देवनागरी लिहिणे सोपे झाले. मायबोली (१९९६), मनोगत (२००४) आणि मिसळपाव (२००७) या संस्थळांवर लिहू लागलेल्या अनेकांनी पुढे स्वतःच्या अनुदिन्या काढल्या. प्रवासवर्णन, पाककृती, पुस्तक परिचय, गडभ्रमंती, परदेशातील संसार आणि गावाकडच्या आठवणी हे त्यांचे नेहमीचे विषय होत. दैनिक लोकसत्ताने २०१४ मध्ये 'वाचावे नेट-के' या सदरातून निवडक अनुदिन्यांची ओळख करून दिली.

तोवर ओहोटी लागली होती. वाचकांना अनेक अनुदिन्यांवरील नव्या नोंदी एका ठिकाणी दाखवणारी गूगल रीडर ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. फेसबुक व व्हॉट्सॲपवर प्रतिसाद तत्काळ मिळू लागला, त्यामुळे लेखकही तिकडे वळले. तेथील लेखन काही दिवसांत खाली सरकते आणि वर्षभराने ते शोधणे अवघड होते. व्हॉट्सॲपवर तर मूळ लेखकाचे नावही बहुधा गळून पडते. अनुदिनीवरील नोंदीला मात्र दिनांक, लेखक आणि स्वतंत्र जालपत्ता असतो.

स्थानिक लेखन : बारामती व इंदापूर

हा फरक स्थानिक इतिहासाच्या बाबतीत विशेष जाणवतो. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर परिसराचे वर्णन १८८५ च्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे, आणि गॅझेटिअरची सुधारित आवृत्ती १९५४ मध्ये निघाली. त्यानंतर भीमा नदीवर उजनी धरण झाले (१९८०) आणि इंदापूर तालुक्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. जुन्या पळसदेवचे मंदिर आता पाणी ओसरल्यावरच दिसते, आणि भिगवण व कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी लोक येतात. पक्षिनिरीक्षक व भटकंती करणारे या दोन्ही गोष्टींविषयी आवडीने लिहितात. जुन्या गावठाणातील आळ्या, पेठेचा दिवस, नदीचा उतार आणि उठून गेलेली घरे यांची माहिती मात्र ज्यांनी ते गाव पाहिले त्यांच्याकडेच आहे, आणि ती पिढी आता वृद्ध झाली आहे. बारामती तालुक्यातही नीरा कालव्याखालचा ऊस आणि सुपे परिसरातील जिरायत यांतील अंतर शासकीय अहवालात हेक्टरांत मांडले जाते. पाण्याच्या पाळीसाठी जागलेली रात्र अशा आकड्यांत येत नाही. तिची नोंद वैयक्तिक लेखनातच होऊ शकते.

जतनाचा प्रश्न

अनुदिनी विनामूल्य जागेवर असते, म्हणजेच ती दुसऱ्याच्या जागेवर असते. याहूची जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा असंख्य वैयक्तिक पाने नाहीशी झाली. गूगलने २०२३ मध्ये दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले. ब्लॉगरवरील अनुदिनी अशाच खात्यावरून चालवली जाते, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर परवलीचा शब्द कुटुंबीयांना ठाऊक असतोच असे नाही. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था जालपृष्ठांच्या प्रती साठवते, तथापि प्रत्येक पान तेथे पोहोचत नाही. ब्लॉगर व वर्डप्रेस या दोन्हींत संपूर्ण लेखनाची एक धारिका उतरवून घेण्याची सोय आहे. तिच्यात मजकूर व दिनांक येतात. छायाचित्रे मात्र वेगळी साठवणे इष्ट ठरते.